सिहोऱ्याला गाडीनंच

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.

पोळा आटोपला. गावाचे बैल सजून झाले, आता माझ्या पद्मिनीची पाळी.

संकल्प: येत्या भाऊबीजेला सिहोऱ्याला बहिणीच्या दारात स्वतःच्या गाडीनं उतरायचं. हातात साठ दिवस आहेत. काम एका दिवसाचं. उरलेले एकोणसाठ पॉलिशला.

पार्श्वभूमी, फायलीत असावी म्हणून. सन २०१९, भाचा मिथुनचं लग्न, सिहोरा. मी नवरदेवाचा मामा. स्टँडवरून पाहुणे आणायला जीप, आणि मला आणायला ट्रॅक्टर. ट्रॉलीत स्वयंपाकाचे गंज, म्हणजे मोठी पातेली, त्यांच्या मधोमध मी, इस्त्रीच्या सफारीत. दारात उतरलो आणि भाटव्यांना, म्हणजे बहिणीचे यजमान दादाजी यांना, तोंडावर सांगितलं की आता या दारात येईन तर स्वतःच्या गाडीनं. बँड वाजत होता, पण मी खणखणीत बोललो. भाटवे मान हलवून हसले आणि म्हणाले, जेवून घ्या. तो हसरा चेहरा मी विसरलो नाही.

माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही. फक्त सहा भाऊबीजा झाल्या, सिहोऱ्याला गेलो नाही. बहिणीशी, आनंदाबाईशी, फोनवर बोलतो. तिला सांगतो, गाडी झाली की येतो.

गाडी, म्हणजे ही पद्मिनी मोटार, मार्चमध्ये तुमसरच्या एका रिटायर्ड डॉक्टरांकडून घेतली. मॉडेल १९७९. इथं मोहाडीपर्यंत ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली, पण तो भाग महत्त्वाचा नाही. चौकातला मनिष, मोटारसायकली दुरुस्त करतो, त्यानं पाहून सांगितलं की काका, बाकी सगळं ठीक आहे, कार्बोरेटर चोक आहे, तुमसरच्या मिस्त्रीकडे देऊन टाका. मी नकार दिला. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कार्बोरेटर म्हणजे काय? एकीकडून पेट्रोल आवक, एकीकडून हवा आवक, मिसळून जावक. टपाल शाखा आहे ती. मी चालवलेली आहे.

२४ ऑगस्ट. दुपारी ४.

कार्बोरेटर काढला. चाळीस मिनिटं. एक नळी आपोआप निघाली, ती कुठली हे नंतर पाहू. सुटे भाग एकतीस. प्रत्येकाखाली चिठ्ठी: परिशिष्ट अ, परिशिष्ट ब, असं करत. परातीत ओळीनं मांडले. रुखमा म्हणाली मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी म्हटलं, ज्यांची स्मरणशक्ती कमी त्यांनी फोटो काढावेत. सौभाग्यवतीला यंत्रातलं कळत नाही, आणि परात परत कधी मिळेल हेच विचारत बसते.

२५ ऑगस्ट, सोमवार.

पंखा कोणीतरी पाचवर केला. चिठ्ठ्या घरभर. परिशिष्ट ड तुरीच्या डाळीत सापडलं. भाग आहेत, चिठ्ठ्या आहेत, पण कोणाचं कोण ते नाही. स्मरणशक्तीवर काम भागेल.

३१ ऑगस्ट, रविवार.

आज महत्त्वाचा शोध. कार्बोरेटरच्या आतले जेट पितळेचे आहेत. जेट म्हणजे लहानशी पितळी खुंटी, मधून केसाएवढं भोक, त्यातून पेट्रोल जातं. पितळ म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा. पितळ कसं घासायचं हे भंडाऱ्याच्या माणसाला कोणी शिकवू नये. जेट, फ्लोट, पितळेचं जे जे होतं ते सगळं चिंचेच्या पाण्यात भिजवलं, मग चुलीच्या राखेनं घासलं. आईच्या वेळचा पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, असा चमकायचा. बाकीची बॉडी पितळेची नाही, तरी तीही त्याच पाण्यात टाकली. भेदभाव कशाला.

रुखमानं विचारलं, त्या भोकात राख नाही का जाणार? मी म्हटलं, राख म्हणजे स्वच्छताच.

१ सप्टेंबर, सोमवार.

बॉडी चिंचेच्या पाण्यातून काढली तर पांढरी आणि खरबरीत. धातूचं वय झालं आहे.

७ सप्टेंबर, रविवार.

एक पोलादी छर्रा हरवला. मुगाएवढा. कार्बोरेटरच्या पोटात एका भोकावर बसतो, काय करतो ते कळलेलं नाही. परातीतून घरंगळला आणि धानाच्या पोत्यांमागे गेला. दोन तास पोती हलवली. कंबर धरली. शेवटी जुन्या सायकलच्या हबमधला छर्रा काढून घातला. किंचित मोठा आहे. मोठा म्हणजे मजबूतच.

दुपारी आनंदाबाईचा फोन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरनं सांगितलं. दिवाळीनंतर भंडाऱ्याला ऑपरेशन, तारीख दहा नोव्हेंबर. म्हणाली, ऑपरेशनच्या आधी एकदा तोंड दाखवून जा. मी म्हटलं, भाऊबीजेला येतोच आहे, गाडी घेऊन. ती म्हणाली, बसनं ये ना रे. तिला काय सांगावं. तिला त्या ट्रॉलीतल्या गंजांचे काठ पाठीत रुतले नव्हते.

विचार केला. तिला नीट दिसत नसेल तर गाडीही दिसणार नाही. ऑपरेशननंतर गेलेलं जास्त योग्य का? नाही. भाऊबीजच. संकल्प म्हणजे संकल्प.

१४ सप्टेंबर, रविवार.

जोडणी पूर्ण. गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या मधला कागदी पडदा, फाटला होता. घरात कचेरीच्या जुन्या फायलींचे पुठ्ठे होते, त्यातला कात्रीनं कापून बसवला. असे पुठ्ठे आता मिळत नाहीत. जोडणीनंतर दोन भाग उरले. कंपनीनं जास्तीचे दिले असावेत.

सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. पुन्हा घर्र. बॅटरी बसेपर्यंत घर्र.

मनिषला बोलावलं नव्हतं, तो रस्त्यानं जाताना थांबला. जेट काढून सूर्याकडे धरला आणि मला म्हणाला पाहा. मी पाहिलं. काही दिसलं नाही. तो म्हणाला, काका, यातून आकाश दिसाले पाहिजे. राख घट्ट बसली होती. मी त्याला सांगितलं की राख नैसर्गिक असते. त्याच्या चेहऱ्यावर भाटव्यांसारखं हसू होतं. आजकाल सगळ्यांच्याच चेहऱ्यावर ते दिसतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

रुखमाच्या शिलाईची सुई घेतली आणि जेटची भोकं मोकळी केली. चांगली रगडून मोकळी केली. आता आकाश दिसतं. ढगसुद्धा दिसतात.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.

सुरू झाली! पद्मिनी अकरा सेकंद सुरू होती. डोळ्यांत पाणी आलं. ते धुरामुळेही असेल, कारण धूर काळा आणि भरपूर होता. शेजारच्या सुमनबाईंनी मूगवड्या वाळत घातल्या होत्या. त्या आता उडदाच्या दिसतात. सुमनबाई कुंपणावरून अर्धा तास बोलल्या.  प्रगतीची किंमत शेजारी मोजतात, असं मी रुखमाला म्हणालो, तर ती सुमनबाईंच्या बाजूनं बोलली.

दुपारी. मनिषचं म्हणणं, सुईनं भोक मोठं झालं, आता पेट्रोल जास्त जाते. जेट नवीन लागेल. जेट काय, अख्खा कार्बोरेटर नवीन येतो, दोन दिवसांत मागवून देतो म्हणाला. मी म्हटलं, नवीन घालायचा तर मग मी केलं काय?

रागानं जेवलो नाही. चार वाजता पोहे खाल्ले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

गाडीची पूजा. झेंडूचा हार, नारळ, बॉनेटवर स्वस्तिक. गावातल्या सगळ्या गाड्या पूजा झाल्यावर एक चक्कर मारतात. आमची जागेवर उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की मुहूर्त भाऊबीजेचा आहे.

हाराखालून पेट्रोलचा वास. फायलीचा पुठ्ठा भिजून फुगला आणि गळू लागला. उघडलं तर फ्लोटमध्ये पेट्रोल भरलेलं. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी, ती पेट्रोलवर तरंगते आणि पुरे झालं की आवक बंद करते. घासता घासता तिला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं. ती जुनीच होती.

राग येतो. स्वतःचा नाही, वस्तूंचा. साध्या वस्तू आहेत, त्यांनी साधं वागायला काय होतं?

५ ऑक्टोबर, रविवार.

फ्लोट घेऊन बसनं भंडाऱ्याला. (बसनं, पण हे कामानिमित्त.) पितळी भांडी दुरुस्त करणारा एक जुना कारागीर अजून आहे. त्याला डबी दाखवली. त्यानं उलटसुलट पाहिली, म्हणाला हे कोणतं भांडं आहे, यात काय शिजवता? मी म्हटलं फक्त गळू नये एवढं करा. त्यानं मन लावून केलं. छिद्राला रांगा, म्हणजे कथील, लावला, मग सांध्याला लावला, मग बाहेरून सगळीकडे कल्हई केली. चांदीसारखी दिसते. पाण्याचा गुंड असता तर नातवापर्यंत गळला नसता. इतकं सुंदर काम आजकाल होत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि त्याला आनंद झाला.

१२ ऑक्टोबर, रविवार.

डबी जड झाली. तरंगत नाही. बुडते. बुडाली की आवक बंदच होत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं. अंगणात पेट्रोलचं थारोळं. रुखमानं चूल पेटवायला मनाई केली आणि आम्ही दोन वेळ थंडं खाल्लं.

दुपारी तिनं एक प्रश्न विचारला जो मला आवडला नाही. अहो, पण चालवणार कोण?

वस्तुतः चालवणं हा दुय्यम विषय आहे. मागे एका निवडणुकीच्या ड्यूटीत मी सोळा दिवस जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो आणि बारकाईनं निरीक्षण केलं होतं. लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरला आहे. फोटो तेवढा बाकी आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

डबीवरचा रांगा कानसीनं घासून कमी केला. तरंगते, थोडी तिरपी. हवेचा फिल्टर काढून ठेवून सेल्फ मारला आणि वरून वाकून पाहत होतो की पेट्रोल येतं का. पेट्रोल आलं. त्यासोबत ज्वाळाही आली. फक्त एकदा, भक् करून.

मिशी डावीकडून गेली. उजवी शाबूत आहे, पण एकटी बरी दिसत नाही म्हणून तीही काढली. लायसन्सचा फोटो आता मिशी येईपर्यंत नाही. रुखमा आधी घाबरली, मग हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ बाहेर आली नाही. मी विचारलं रडते काहून? म्हणाली, पेटले असते तर मी कोणाला सांगणार होते की कार्बोरेटरपायी गेले म्हणून. मी तिला म्हटलं की धोका तांत्रिक स्वरूपाचा होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

आनंदाबाईचा फोन. येतोस ना परवा? मी हो म्हटलं. ती म्हणाली, गाडी झाली नसेल तर राहू दे गाडी, तू ये. भाटवे बाजूला होते, त्यांचा खोकला ऐकू आला. त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. सहा वर्षं काढला नाही. म्हणजे आतून किती लागलं असेल त्यांना.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

सकाळी ५.३०. आंघोळ. सफारी. आनंदाबाईसाठी घेतलेलं लुगडं मागच्या सीटवर ठेवलं.

सकाळी ६.१५. चोक ओढला. सेल्फ. सुरू! थरथरते पण सुरू आहे. रुखमा, चाल, म्हणालो. ती चप्पल घालेपर्यंत बंद.

सकाळी ७. पेट्रोल ओव्हर. प्लग ओले. प्लग काढून पुसले.

सकाळी ८.३०. पुन्हा ओले. रुखमा म्हणते नऊची तुमसरची बस आहे. ऐकू न आल्यासारखं केलं.

सकाळी १०. कार्बोरेटर उघडला. सायकलचा छर्रा आत अडकला आहे. निघत नाही. मोठा आहे.

दुपारी १२. सफारीच्या बाहीला ग्रीस. मनिष आला होता. म्हणाला, काका, माझी गाडी घ्या, मोटारसायकल, मागे बसा, मी सोडतो सिहोऱ्याला. बरा माणूस आहे. पण मोटारसायकलवर, आणि तीही दुसऱ्याच्या, मागे बसून? मी त्याला म्हटलं की तू सणाच्या दिवशी घरी जा, तुझीही बहीण असेल. तो म्हणाला, तिच्याकडूनच येऊन राहिलो.

दुपारी ३. छर्रा निघाला. त्यासोबत जिथं तो बसायचा ती कडही निघाली.

दुपारी ४.३०. फोन वाजत होता. हात पेट्रोलचे होते, उचलला नाही. रुखमानं उचलला आणि आत जाऊन बोलली. काय बोलली ते सांगितलं नाही.

संध्याकाळी ६. शेवटची बस गेली. अंगणातून तिचा आवाज आला.

शेरा: भाऊबीज ही कार्तिक पौर्णिमेपर्यंत ओवाळता येते असं बरेच लोक मानतात. पौर्णिमा पाच नोव्हेंबरला. सबब पाच नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मंजूर.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

रुखमानं लुगडं सीटवरून उचलून कपाटात ठेवलं, त्याला पेट्रोलचा वास लागला म्हणे. मी म्हटलं वास उडून जातो.

कड एम-सीलनं बसवली. चोवीस तास वाळू देणे.

२६ ऑक्टोबर, रविवार.

सविस्तर लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास मी गाडीच्या खाली होतो. पेट्रोलची नळी तपासत होतो. अंगणात चपला थांबल्या. सुमनबाई असतील, मूगवड्यांचं राहिलेलं बोलायला, असं समजून मी बाहेर आलो नाही. मग रुखमाचा आवाज आला, अगंबाई, एकट्या आल्या?

आनंदाबाई होती. सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून मोहाडी, दोन बस बदलून. डोळ्यांना दिसत नाही तर बसच्या पाट्या लोकांना विचारत विचारत आली. हातात कापडी पिशवी, तीत ओवाळायचं ताट, निरांजन, कुंकवाची डबी, चिवड्याचा डबा. बॉनेटवर हात ठेवून उभी होती. हातानं चाचपत होती आणि रुखमाला विचारत होती, हेच का ते?

मी बाहेर निघालो. ग्रीसचे हात, मिशी नाही. तिनं तोंडाजवळ तोंड आणून पाहिलं. म्हणाली, मिशी काढली का? तेवढं दिसलं तिला.

रुखमानं पाट टाकला. मी बसलो. बाईनं ओवाळलं. कुंकू कपाळावर लावायचं ते भुवईवर लागलं, तिला कळलं नाही, मी सांगितलं नाही. मग मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, हे उलटं झालं, भावानं जायचं असतं, तू काहून आली? पौर्णिमेपर्यंत गाडी होत होती. मी स्वतः येणार होतो.

ती ताट खाली ठेवत म्हणाली, "सहा वर्ष मी चंद्रालेच ओवाळलं, जागू. भाऊ नाही आला त चंद्राले ओवाळतेत ना. यंदाबी ताट घेऊन अंगणात उभी रायली. पन चंद्र दिसेच ना मले. सून म्हणे तो पाहा, तो पाहा. मले नाही दिसला. मंग कोनाले ओवाळू? म्हणून आली."

 हात धुवायला नहाणीत गेलो. दोनदा साबण लावला, तिसऱ्यांदा लावला. ग्रीस निघत नव्हतं, असं रुखमाला सांगितलं.

लाज वाटली. इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला फार लाज वाटली.

दुपारी ३. बाईला एकटी कशी परत पाठवणार? चारच्या बसनं मी सोबत जातो आहे. दहा तारखेला ऑपरेशन होईपर्यंत तिथंच राहीन, भंडाऱ्याला मीच घेऊन जाईन. लुगडं रुखमानं धुऊन ठेवलं होतं, ते पिशवीत घेतलं. बॉनेट मनिषला बंद करायला सांगितलं आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सिहोरा. सकाळी.

काल तुमसरपर्यंत उभं राहिलो, पुढे बसायला मिळालं. बाईनं सगळा वेळ माझा हात धरून ठेवला, मी काही निसटून जाणार नव्हतो तरी.

दारात भाटवे उभे होते. मी तयारीत होतो. सहा वर्षांचं उत्तर पाठ होतं, मुद्देनिहाय. त्यांनी विचारलं, धान कसं आहे तिकडचं, कापणी लागली का? मी म्हटलं, लागली. म्हणाले, पाय धुवा, चहा ठेवला आहे.

चहा झाला. गाडीचं नाव नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तरी नाही. शेवटी मीच विषय काढला, कारण कोणीतरी काढायलाच हवा होता. म्हटलं, मिथुनच्या लग्नात मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं होतं, आठवतं का? त्यांनी आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, मला दिसत होतं. मग म्हणाले की जीप दोन फेऱ्यांनंतर पंक्चर झाली होती, त्या दिवशी निम्मे पाहुणे ट्रॅक्टरनंच आले, स्टँडवरून परतताना ते स्वतःही त्यातूनच. माझं दारातलं बोलणं त्यांना आठवेना. बँड फार जोरात होता म्हणाले.

मी भात कालवत बसलो. बाई वाढत होती, तिनं माझ्या पानात वरण जास्त ओतलं.

भाटवे म्हणाले, "आमाले वाटे, तुमची तब्येत साथ देत नाही, म्हणून येत नाही तुमी. म्हणून मीबी कधी जोर नाही केला."

मी म्हटलं, हो, तब्येतीचंच होतं.